स्कॉटलंडला, सगळ्यांना धरून

शैलजा गुंजीकरला नायगरा धबधब्याचा मनापासून तिटकारा होता. त्यात धबधब्याचा काही दोष नव्हता, तो बिचारा आपल्या जागी कोसळत होता. दोष होता भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचा, तिचं घर होतं त्या हर्नडनपासून तिथपर्यंतच्या आठ तासांच्या रस्त्याचा, आणि 'नायगरा दाखवलाच पाहिजे' असं मानणाऱ्या तिच्या नवऱ्याचा, म्हणजे राजेशचा. सासू-सासरे आले, चला नायगरा. नणंद आली, चला नायगरा. राजेशच्या मावसभावाच्या साडूची मुलं आली, ज्यांना राजेशनेही आधी कधी पाहिलं नव्हतं, तर त्यांनाही नायगरा. घराच्या बेसमेंटमध्ये बोटीवर मिळणाऱ्या निळ्या प्लास्टिकच्या रेनकोटांचा गठ्ठा पडला होता, कारण ते टाकून देणं प्रत्येक पाहुण्याच्या जिवावर यायचं आणि सामानात न्यायला जागा नसायची. पार्किंग कुठे स्वस्त, कुठल्या हॉटेलात भात बरा मिळतो, कुठलं स्वच्छतागृह त्यातल्या त्यात चांगलं, हे शैलजाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. खुद्द धबधबा तिने पाहिला तो बहुतेक लोकांच्या खांद्यांवरून, त्यांचे फोटो काढताना.

बरं, नायगरावर भागतंय म्हणता? 'इतक्या लांब आलोच आहोत तर' असं कोणीतरी म्हणायचं, आणि मग न्यूयॉर्क यायचं, मग पिट्सबर्गचं देऊळ यायचं, मग कोणाच्या तरी भाच्याचं एडिसनमधलं घर यायचं. राजेशची सुट्टी यात संपायची आणि शैलजाचीही. संपली की राजेश समाधानाने म्हणायचा, "चला, यंदा बरंच फिरणं झालं." शैलजाच्या डोक्यात तिडीक जायची. पण ती डबे धुवायला घ्यायची.

ती मूळची अकोल्याची. एम.सी.ए. झालेली, हुशार. लग्न करून या देशात आली तेव्हा तिच्या व्हिसावर नोकरी करायला मनाई होती. गाडी एकच, ती राजेश घेऊन जायचा. मागे उरायचं एक बेडरूमचं अपार्टमेंट आणि त्यातली शैलजा. कोणाशी बोलावं तर खाली कपडे धुवायच्या खोलीत भेटणाऱ्या बायका, त्याही घाईत. एका सकाळी तिने बूट घातले आणि दुकानाच्या दिशेने चालायला लागली. फूटपाथ नव्हता. वाटेत एका म्हाताऱ्या बाईने गाडी थांबवून काळजीने विचारलं, गाडी बंद पडली का, कोणाला फोन करू का? धडधाकट माणूस कारणाशिवाय चालत असेल हे त्या बाईच्या कल्पनेतच बसेना. शैलजाने तिचे आभार मानले आणि ती पुढे चालत राहिली.

तेव्हापासून ती चालतेच आहे. रुही झाली तेव्हा बाबागाडी ढकलत चालली. पुढे स्वतःचं घर झालं, तर जवळच जुन्या रेल्वेमार्गावर केलेली पायवाट निघाली, ती तिने पाठ केली. बर्फात चालली, सासूबाईंच्या आजारपणात पहाटे उठून चालली. याला तिने कधी छंदबिंद म्हटलं नाही. त्या तासाभरात तिच्याकडे कोणी काही मागत नसे, एवढं तिला पुरत होतं.

मग ग्रीन कार्ड आलं, नोकरी करायची मुभा आली, आणि तिच्या पायांना शोभेलसं काम मिळालं. पायी भटकणाऱ्यांसाठी फोनवरचे नकाशे बनवणारी एक कंपनी, तिथे ती टेस्टिंगला लागली. नकाशातली वाट ओढ्यापाशी तुटते का, पूल असेल तिथे पूल उमटतो का, चढ जास्त असूनही कमी दाखवतोय का, हे सगळं शैलजाने तपासायचं आणि चूक दिसली की नोंदवायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या वाट्याला स्कॉटलंडमधला पर्थशर परगणा आला. डंकेल्ड, पिटलॉक्री, किलीक्रँकी. ती ऑफिसात बसून ही नावं हळूच उच्चारून बघायची. तिथल्या नद्यांची वळणं तिला माहीत झाली, कुठल्या कुंपणाला फाटक आहे आणि कुठे नुसत्याच दगडी पायऱ्या आहेत हेही माहीत झालं. कामासाठी वाचता वाचता तिला कळलं की त्या देशात माणसाला जवळजवळ कोणाच्याही जमिनीवरून पायी जायचा हक्क आहे. पिकाची नासाडी करायची नाही, उघडलेलं फाटक लावायचं, बस. शैलजाने ते पुन्हा एकदा वाचलं. ती राहत होती तिथे झाडाझाडावर 'आत येऊ नये' अशा पाट्या ठोकलेल्या होत्या. तिला त्या देशात जायचंच होतं.

मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून चार दिवस, असं तिने ठरवलं. एडिंबरापर्यंत विमान, पुढे आगगाडीने डंकेल्ड. तिथे मॉराग नावाच्या बाईंचं नदीकाठचं छोटं हॉटेल, मोजक्याच खोल्यांचं. एक दिवस नदीकाठच्या रानातून. एक दिवस तळ्यापर्यंत, तिथे उन्हाळ्यात ऑस्प्रे पक्षी घरटं करून असतात. एक दिवस आगगाडीने पिटलॉक्रीच्याही पुढच्या गावी जाऊन किलीक्रँकीच्या खिंडीतून पिटलॉक्रीपर्यंत उलटं चालत यायचं. आणि शेवटच्या दिवशी बेन व्रॅकी हा डोंगर. खोली दोघांसाठी. राजेशसाठी तिने भारीतले बूटसुद्धा आणले.

एकटीने जावं हा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. ते दोघं नुसतेच, मागे-पुढे कोणी नसताना, कधी चालले होते हे आठवायचा तिने प्रयत्न करून पाहिला होता आणि तिला आठवलं नव्हतं. तिला ते हवं होतं, नवऱ्याबरोबर हवं होतं. हे इथे स्पष्ट सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे लोकांनी भलतंच पसरवलं.

तिने लॅपटॉप उघडून सगळं राजेशला दाखवलं. तो म्हणाला, "वा, मस्त. बुक कर." त्याचा डोळा फोनवर होता हे तिला दिसलं होतं. पण त्या दिवशी तिला इतका आनंद झाला होता की तिने तिकडे काणाडोळा केला.

संक्रांतीचं हळदीकुंकू रुपालीकडे होतं. रुपाली ही हर्नडनमधल्या मराठी मंडळींचा कणा. कोणाचं बाळंतपण असो, कोणाचे वडील भारतात वारल्याची बातमी असो, रुपाली आणि तिचा नवरा मोरेश्वर सगळ्यांच्या आधी दारात. शैलजा हातात गुळपोळीचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होती, तेवढ्यात तिला राजेशचा मोठा आवाज ऐकू आला.

"अरे, मेमध्ये आम्ही स्कॉटलंडला चाललोय. चला की तुम्हीपण! शैलजाने सगळं प्लॅन केलंय. एकदम आयतं आहे."

"काय सांगतोस यार!" मोरेश्वर म्हणाला. "डन! रुपाली, ऐकलंस का, स्कॉटलंड!"

चहा निवायच्या आत आणखी दोन कुटुंबं तयार झाली आणि फोनवर 'हायलँडचे मावळे' नावाचा ग्रुप निघाला. शैलजा ताट धरून उभी. आयतं आहे! ऑफिस सुटल्यावर बसून बसून तिने गाड्यांच्या वेळा जुळवल्या होत्या, मॉरागबाईंशी पत्रव्यवहार केला होता, वाटेत दुपारचं शाकाहारी खाणं कुठे मिळेल ते शोधलं होतं. ते आता आयतं होतं, आणि राजेश ते तिळगुळासारखं वाटत सुटला होता. तिने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. भरल्या घरात, हळदीकुंकवाच्या दिवशी, हसऱ्या माणसांना 'तुम्ही येऊ नका' म्हणणारी बाई हर्नडनमध्ये अजून जन्माला यायची आहे. शैलजा मूग गिळून बसली आणि तिने गुळपोळ्या वाढल्या.

मग सुरू झाला छळ. दुसरा शब्द नाही. छळणारी माणसं प्रेमळ होती, एवढाच काय तो फरक.

"शैलजा, इतक्या लांब जातोच आहोत तर लंडन करूया ना," रुपालीचा पहिला मेसेज.

"लॉक नेसचं तळं मस्ट आहे. लोक विचारतील ना, स्कॉटलंडला जाऊन ते नाही बघितलं?"

"रोज सात-आठ मैल चालायचं? का, गाड्या बंद आहेत का तिकडे?" हे मोरेश्वर, पुढे हसणारे चेहरे. "बारा सीटर व्हॅन घेऊ. मी ड्राइव्ह करतो."

"किचनवालं मोठं घर बघ हं शैलजा. कुकर मी आणते, फोडणीचा डबा पण आणते. तू टेस्टिंगवाली, तुझं प्लॅनिंग परफेक्ट असतं!" पुन्हा रुपाली.

शैलजाला असं हरभऱ्याच्या झाडावर चढवून कामाला लावायची पद्धत जुनीच होती. ती घर शोधायला लागली. तिचं तिलाच कळत नव्हतं की आपण का शोधतोय. नदीकाठचं रान गेलं, कारण त्या दिवशी लंडनहून यायचं होतं. तळं गेलं, कारण पक्षी लांबून दिसतात आणि फोटोत येत नाहीत. किलीक्रँकीच्या खिंडीचा 'फोटो स्टॉप' झाला. बेन व्रॅकीवर मोरेश्वरने प्रश्नचिन्ह टाकलं. तीन-चार आठवड्यांत तिच्या सहलीत चालणं असं काही उरलंच नाही, आणि सगळे म्हणत होते की शैलजाची आयडिया भारी आहे.

राजेशला तिने एकदा सांगून पाहिलं. "मला हे असं नको होतं रे. आपण दोघंच जाणार होतो."

"अगं, मजा येईल. आणि सगळे तिथे असताना आपण दोघं वेगळ्या हॉटेलात राहायचं, हे बरं दिसेल का?"

बरं दिसणं! या एका गोष्टीपायी तिच्या आयुष्यातल्या किती सुट्ट्या गेल्या! तरी तिने मॉरागबाईंची खोली सोडली नाही. निदान दोन दिवस तरी आपण तिकडे सटकू, अशी तिला वेडी आशा होती. एवढं एक तिने स्वतःपाशी ठेवलं होतं.

मार्चमध्ये रुपालीने फर्मान काढलं: प्रॅक्टिस वॉक! शेनंडोआच्या डोंगरात जायचं, माथ्यापर्यंत चढायचं, सवय करायची. शैलजाला पुन्हा आशा वाटली. एकदा डोंगरावर आणलं की कळेल यांना, चालण्यात काय असतं ते. रविवारी सकाळी चार गाड्या निघाल्या. राजेशने नवे बूट घातले नव्हते, कारण ते 'चावतात'.

झाडांना अजून पालवी नव्हती, हवेत बोचरी थंडी होती, आणि उघड्या फांद्यांमधून लांबवरच्या डोंगरांच्या निळ्या रांगा दिसत होत्या. शैलजा पुढे लागली. मागे स्पीकरवर गाणी चालू होती. जेमतेम पहिला सपाट कट्टा आला, जिथून मागे वळून पाहिलं तर आपापल्या गाड्या अजून दिसत होत्या, तिथे मोरेश्वरने घडीचं टेबल उघडलं. त्यावर फॉइलच्या ट्रेमधले साबुदाणा वडे आले, चटणी आली, चहाचे थर्मास आले. खाऊन घेऊ म्हणता म्हणता मंडळी पसरली.

शैलजा उभ्या उभ्या एक वडा खाऊन पुढे निघाली.

"अगं शैलजा! थांब की!" रुपाली ओरडली. "सगळ्यांना धरून चालायचं असतं!"

"तुम्ही सावकाश या. मी माथ्यावर थांबते."

"माथ्यावर कशाला जायचं? व्ह्यू इथूनही तोच आहे."

राजेश हसला. हातात वडा, तोंडात अर्धा. "तिला जरा घाई असते. बरं रुपाली, ते एक काम उरकलं मी. ते नदीवरचं छोटं हॉटेल होतं ना, ते काल कॅन्सल करून टाकलं. शैलजाचा लॅपटॉप उघडाच होता. आता आम्हीपण तुमच्याबरोबर मोठ्या घरात."

"बेस्ट!" रुपालीने टाळी दिली.

शैलजा थांबली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती तिला खरोखर जाताना कळली. ती परत कट्ट्यापाशी आली.

"काय केलंस तू?"

"अगं, फ्री कॅन्सलेशनची काल शेवटची..."

"कोणाला विचारून?" तिचा आवाज इतका चढला की स्पीकरवरचं गाणं कोणीतरी बंद केलं. "माझं होतं ते, राजेश! एवढं एकच माझं होतं! सव्वीस वर्षं मी तुझ्या लोकांना नायगरा दाखवतेय. तुझा मावसभाऊ, त्याचा साडू, त्याची पोरं! कधी म्हणाले मी, की मला कुठे जायचंय? पहिल्यांदा म्हणाले! चार दिवस! फक्त चालायचं होतं मला, दुसरं काही नको होतं, आणि तेसुद्धा तू वाटून टाकलंस? आणि उरलेलं कॅन्सल?"

"शैलजा, अगं शांत हो," रुपाली मध्ये पडली. "एवढं काय झालं? आम्ही काय परके आहोत का?"

"परके असतात तर बरं झालं असतं. परक्यांनी येऊ का म्हणून विचारलं तरी असतं!"

रुपालीचा चेहरा पडला. मग तीही चिडली, आणि तिला चिडायला जागा होती. "असं का? तुझ्या सासूबाई हॉस्पिटलात होत्या तेव्हा रोज डबा कोणी आणून दिला? रुहीला शाळेतून कोण आणत होतं? तेव्हा नाही वाटले आम्ही जास्तीचे?"

हे खरं होतं. सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि शैलजाला सर्वांत जास्त. तिचा राग त्यामुळे कमी झाला नाही. त्यात लाज मिसळली आणि तो आणखीच कडू झाला.

"तू दिलास डबा," ती म्हणाली. "मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुझ्यावर वेळ आली तर मीही धावत येईन. पण म्हणून माझे चार दिवस तू घेणार का, रुपाली?"

रुपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. शैलजाच्या आलं नाही. ती वळली आणि चढायला लागली. राजेशने दोनदा हाक मारली, पण मागे येण्यासाठी एक पाऊलही टाकलं नाही. माथ्यावर वारा अंगात शिरत होता आणि एक चिटपाखरू नव्हतं. तिथे बसून ती चांगली रडली, रागाने रडली, मग नाक पुसून खाली उतरली. कट्टा रिकामा होता. खाली बाकीच्या गाड्या निघून गेल्या होत्या आणि राजेश गाडीचं हीटर लावून बसला होता.

गाडी हायवेला लागली. मग तो म्हणाला, "सगळ्यांसमोर माझी लाज काढलीस."

"हो."

"मी काय तुझ्या वाइटासाठी केलं? मागाहून पैसे परत मिळाले नसते, म्हणून घाई केली."

"मला विचारलं का नाहीस?"

"त्यात विचारायचं काय, शैलजा?" राजेशला खरोखरच नवल वाटत होतं. "तू हो म्हणालीच असतीस. आजवर कधी नाही म्हणालीयेस?"

त्याने ते टोचून बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. त्याला जे माहीत होतं ते त्याने सांगितलं. पाहुणे बोलावताना, सुट्ट्या ठरवताना, तिच्या कष्टांवर लोकांना आमंत्रणं देताना याच भरवशावर तो आजवर चालत आला होता. शैलजा खिडकीबाहेर बघत राहिली. आता ती ओरडली नाही. राग होता तसाच होता, पण आता तो नेमका कशाचा आहे हे तिला समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने गाडीत बसून मॉरागबाईंना फोन लावला. दोघांची खोली लगेच दुसऱ्या कोणी घेतली होती. छपराखालची एक लहान खोली शिल्लक आहे, बाई म्हणाल्या, पण पलंग एकाचाच आहे, आणि तुम्ही तर दोघं ना? शैलजा म्हणाली, एकटीच आहे. मग म्हणाली, द्या. संध्याकाळी तिने रुहीला फोन केला. रुही ब्लॅक्सबर्गला कॉलेजात होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जस्ट गो, आई. सीरियसली. डोन्ट एक्सप्लेन टु एनीबडी."

पण लोकांनी खुलासे स्वतःच तयार केले. शैलजाचं डोकं फिरलंय. वयाचा परिणाम, दुसरं काय. राजेशशी पटत नाही म्हणे, एकटीच चाललीय. शिष्टपणा बघा, आम्ही नको झालो हिला! ज्या घरांत तिने आजवर ट्रे भरभरून बटाटेवडे पोचवले होते, त्याच घरांत हे बोलणं झालं. तिला ते कळलं, कारण अशा गोष्टी कळवायला माणसं तत्परच असतात. ती ग्रुपमधून बाहेर पडली. जाताना तिने तिथे एवढंच लिहिलं की मी माझी जातेय, तुमचं तुम्ही ठरवा.

आणि गंमत बघा. 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हटल्यावर हायलँडच्या मावळ्यांचं काही ठरेना. व्हॅनचं कोण बघतंय? मोरेश्वरला वाटलं राजेश बघतोय, राजेशला वाटलं मोरेश्वर. घराचं काय झालं? रुपाली म्हणाली, मला वेबसाइट कळत नाही. लंडन आधी की नंतर यावर पाच दिवस चर्चा झाली आणि शेवटी कोणीतरी नुसतं अंगठ्याचं चित्र टाकून ती संपवली. एप्रिल लागला तरी एक तिकीट काढलेलं नव्हतं. मग मोरेश्वरने मायामीहून निघणाऱ्या एका क्रूझची जाहिरात टाकली. खाणं, पिणं, नाच-गाणं सगळं जहाजावर, काही बघावं लागत नाही. तासाभरात बहुतेक सगळे हो म्हणाले. स्कॉटलंड बुडालं आणि कोणाला वाईटही वाटलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी शैलजा सकाळचं चालून घरी आली तेव्हा राजेशने चहा करून ठेवला होता. हे आक्रीतच होतं. तो खूश होता.

"सुटलो!" तो म्हणाला. "ते सगळे क्रूझला चाललेत. मी येत नाही म्हणून सांगितलं त्यांना. म्हणजे बघ, शेवटी तुझ्या मनासारखं झालं. आपण दोघंच!"

शैलजाने बूट काढले. चहाचा कप घेतला. चहात साखर जास्त होती.

"मी एकटीची खोली घेतलीय, राजेश. तिकीटही एकटीचं."

"हो, ते... पण बदलता येईल ना? गावात दुसरी खोली मिळेलच की."

"मिळेल."

"मग झालं तर." तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याचं हसू हळूहळू मावळलं. त्याने कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. गेल्या काही आठवड्यांत शैलजा घरात त्याच्याशी नीट वागली होती, तिने जेवायला वाढलं होतं, औषधांची आठवण करून दिली होती. त्यामुळे प्रकरण निवळलं असा त्याचा समज झाला होता. आता तो तिच्याकडे बघत होता, आणि फोन कुठेतरी लांब होता. त्याच्या केसांत खूप पांढरे झालेत, हे तिला उगाच जाणवलं.

"शैलजा," तो म्हणाला, आणि घसा साफ करून पुन्हा म्हणाला, "मी आलो तर चालेल का?"

हा प्रश्न ऐकायची तिने किती वर्षं वाट पाहिली होती! जानेवारीत विचारला असता तर ती त्याच्या गळ्यात पडली असती. मार्चमध्ये, त्या डोंगरावर, ओरडून झाल्यावर तो मागे चढत येऊन धापा टाकत हे बोलला असता, तरीही. अजूनही तिला हो म्हणावंसं वाटलं, आणि तिला त्याचाही राग आला. पलंग एकच आहे, विमान भरलंय, तुझे गुडघे दुखतील, अशी सोयीची कारणं जिभेच्या टोकावर होती. त्यातलं एक पुढे केलं असतं तर त्याला लागलं नसतं. ती तिने गिळली.

"नाही," शैलजा म्हणाली.

आवाज कापला, पण शब्द तोच राहिला. राजेश तिच्याकडे बघत बसला. पुढे काय बोलावं हे त्याला सुचेना, आणि या वेळी तिने ते सुचवलं नाही.